पदार्थांची ना-हरकत

समुद्रकाठच्या ‘लाटांगण’ हॉटेलात कुणाच्या पानात जायचं हे पदार्थ ठरवतात. आम्हाला ते पहिल्या दिवशी नाश्त्याच्या वेळी जिलबीकडून कळलं.

आम्ही म्हणजे मी, वामन तगारे, आणि माझी बायको शैलजा. मी मिरजेला एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. शैलजानं समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून मुलीनं नोकरी लागल्याबरोबर आम्हा दोघांचं हे बुकिंग केलं. हॉटेल स्वस्तातलं होतं, पण राहणं, चहा, नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण सगळं त्यातच होतं. ‘सगळं त्यातच’ हे शब्द कानावर पडल्यापासून मी घरी जेवण कमी केलं होतं. पोटात जागा असावी, एवढाच हेतू. डॉक्टरांनी माझ्या साखरेबद्दल बरंच काही सांगितलं होतं, पण डॉक्टर मिरजेत होते.

जेवणाच्या दालनात लांबलचक टेबलावर पदार्थ मांडले होते. मी ताटली घेऊन रांगेत उभा राहिलो आणि नंबर आल्यावर जिलबीच्या परातीकडे चिमटा नेला.

“माफ करा,” जिलबी म्हणाली. “तुम्हाला नाही.”

आवाज बेताचाच होता, पण स्पष्ट. माझ्यामागची माणसं थांबली.

“का म्हणून?” मी विचारलं. कचेरीत लोक मला विचारतात तोच प्रश्न, त्याच सुरात माझ्या तोंडून निघाला.

“तुमची साखर. पुढं सरका, खोळंबा होतोय.”

पुढं पुऱ्या होत्या. टम्म फुगलेल्या होत्या त्या माझी ताटली दिसताच बसल्या. बटाटेवड्यानं माझ्या शर्टाच्या ताणलेल्या बटणांकडे पाहिलं आणि नकार दिला. शिऱ्याचा स्वभाव मऊ. तो हळूच म्हणाला, “मनाला लावून घेऊ नका. आमचंही फार चालत नाही.” उपम्यानं एक डाव मंजूर केला. मोड आलेली मटकी, काकडी आणि ताक यांनी मात्र काही विचारलं नाही, आणि दुधीची भाजी तर माझी वाटच बघत होती असं वाटलं. दुधीनं असं आपुलकीनं वागवलेलं चार लोकांत बरं दिसत नाही. मला लाज वाटली.

दालनाचे प्रमुख परुळेकर म्हणून होते. पांढरा सदरा, खांद्यावर पंचा. मी त्यांना गाठून रीतसर तक्रार केली.

“साहेब, माझ्या हातात काय नाय,” ते म्हणाले. “आदी पावणे ठरवीत, काय खावचा ता. सगळा फुकट समजान खाईत आणि दुपारी आडवे पडत. समुद्र बघूक आलेली माणसा, समुद्र कोण बघी नाय. मगे पदार्थांनीच मालकाक सांगल्यानी, आमचो निर्णय आमका घेवक देवा. त्येच्यापासून कोण आजारी नाय.”

“पण मी पाहुणा आहे.”

“म्हणान तर,” परुळेकर म्हणाले, आणि चहाची किटली घेऊन गेले.

शैलजा तोवर रांगेतून येऊन बसली होती. तिच्या ताटलीत सगळं होतं. पुरी फुगलेली, शिऱ्यावर बेदाणे, जिलबी एक.

“जिलबी मला ‘या ताई’ म्हणाली,” ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “आणि वडा म्हणाला, गरम आहे, आत्ताच घ्या. मी म्हटलं, यांचं होऊ दे. तर म्हणाला, त्यांचा काय संबंध?”

“आगाऊ आहे,” मी म्हटलं.

ती जेवायला लागली. मी काकडी खाल्ली. आपल्या बायकोचं कौतुक झालं तर माणसाला बरं वाटायला पाहिजे, हे मला समजत होतं. पण माझं सगळं लक्ष त्या जिलबीकडे होतं.

दुपारच्या जेवणाला मी शैलजाला दालनाच्या दाराशी थांबवलं.

“तू जिलबी घे. जास्त घे.”

“मला एक पुरते की.”

“तू घे गं. मी आहे ना.”

“अहो, तुम्हाला नको म्हणतायत तर ऱ्हाऊ दे की. त्रास होतो तुम्हाला.”

“मी काय परका आहे का? नवऱ्यानं बायकोच्या पानातलं खाल्लं तर त्यात गैर काय?”

यात गैर काहीच नाही, असं मला खरंच वाटत होतं. आमच्याकडे तिच्या पानातला पापड मी उचलतो, दह्याची वाटी माझ्याकडे ओढतो, शेवटचा लाडू तीच माझ्याकडे सरकवते. त्याला आम्ही संसार म्हणतो. तेव्हा मी कोपऱ्यातलं, खांबाआडचं टेबल धरलं. ती पानात चार जिलब्या घेऊन आली. मी इकडे तिकडे बघितलं आणि जिलब्या माझ्या पानात ओढल्या.

पहिली उचलून तोंडाशी नेली तेव्हा ती बोलली. सकाळी बेतानं बोलणारी तीच जिलबी आता सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मी यांच्यासाठी आले नव्हते. मला ताईंनी मागितलं होतं.”

दालनातले चमचे थांबले. एका टेबलावरचं लहान मूल खुर्चीवर उभं राहून माझ्याकडे बघू लागलं आणि त्याच्या आईनं त्याला खाली बसवलं नाही. परुळेकर आले, माझ्या हातातली जिलबी चिमट्यानं काढून घेतली, पानातल्या बाकीच्या उचलल्या आणि परातीत नेऊन ठेवल्या. ते एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

खरी शिक्षा संध्याकाळी झाली, आणि ती मला झाली नाही.

शैलजा ताट घेऊन गेली तेव्हा भाताच्या टोपावरचं झाकण उघडेना. आमटी म्हणाली, “माफ करा ताई, तुमच्या नावावर घेतलेलं दुसरीकडे जातं. चौकशी होईपर्यंत आम्हाला येता येणार नाही.” पोळी, भाजी, कोशिंबीर, सगळ्यांनी तेच सांगितलं. फक्त शिऱ्याला बोलताना भरून आलं. ती रिकामं ताट घेऊन परत आली आणि माझ्यासमोर बसली.

माझ्या पानात मात्र दुधी होती, काकडी होती, ज्वारीची भाकरी होती. मला जे मंजूर होतं ते मंजूरच होतं; त्यात बदल झालेला नव्हता.

“घे यातली,” मी काकडीची वाटी तिच्याकडे सरकवली.

“तसं करता येणार नाही,” काकडी म्हणाली. “मी तुम्हाला दिलेली आहे.”

“मला भूक नाही,” शैलजा म्हणाली. “जेवा तुम्ही. गार होतंय.”

हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलेलं आहे की त्याचा अर्थ मी कधी बघितलाच नव्हता. त्या संध्याकाळी तिच्यासमोर रिकामं ताट होतं म्हणून बघितला. ती पाणी प्यायली. तिची ही आयुष्यातली पहिली सहल, दुसऱ्या कुणीतरी रांधलेलं बसून खायचे हे आठ दिवस, आणि ते मी एका जिलबीपायी घालवले होते. लाज वाटून माणसाची भूक मरते म्हणतात. माझी मेली नाही. मी भाकरी संपवली, दुधी संपवली. तेवढ्यानंही मला माझी लाज वाटली.

परुळेकरांनी सांगितलं, “उद्या दुपारी पिठी बसतली. तिच्याकडे सांगा काय ता.”

‘लाटांगण’मध्ये पदार्थांचे वाद कुळथाच्या पिठीपुढे चालतात. ती वयानं सगळ्यांत मोठी. मातीच्या मडक्यात, मंद आचेवर असते. पुरी-वड्यांसारखी ती दिमाखात राहत नाही, पण ती रटरटायला लागली की दालन गप्प होतं. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर आम्हाला तिच्यासमोर दोन खुर्च्या दिल्या. पाहुणे गेले नाहीत. ऊन होतं, बाहेर जायची सोय नव्हती आणि बहुधा इच्छाही नव्हती.

जिलबीनं तक्रार थोडक्यात मांडली. पिठीनं ऐकून घेतली.

“पावण्यानू, कबूल आसा?”

“कबूल आहे,” मी म्हटलं. “पण यात हिची काही चूक नाही. हिला जेवायला द्या.”

“ता बरा बोललात. पण उद्या परत तुम्ही हिच्या पानातला उचललात, तर? हिच्या पानात जाता ता हिका पोचता की नाय, ह्या आमका कळाक होया. म्हणान दोगांका एकच इचारतंय. जोडीदाराक काय आवडता? बाये, तू आदी सांग.”

शैलजानं पदर सारखा केला. “यांना ना, भाताची खरवड आवडते. आमटीत गूळ जरा जास्त लागतो. पोळी तव्यावरून थेट पानात. वांग्याचं देठ चोखायला आवडतं. दुधावरची साय, पण पातळ नको. रविवारी कांदाभजी, आणि ती मी विचारायची, यांनी नको म्हणायचं आणि मग मी करायची. आणि कचेरीतून येताना हलवायाकडे थांबतात. मला सांगत नाहीत. शर्टाला पाक लागलेला असतो कधीकधी, तो मी साबणानं काढते.”

तिनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. भाजीवाल्याला यादी सांगावी तसं सांगितलं. मागं कुणीतरी हसलं. मी खाली बघितलं. शर्ट स्वच्छ होता.

“आता तुम्ही,” पिठी म्हणाली.

“हिचं काही नसतं,” मी म्हटलं. “हिला सगळं चालतं.”

पिठी नुसती रटरटली.

“चालता ता माका ठावक आसा. सगळ्या बायकांका सगळा चालता. आवडता काय, ता सांगा.”

“पुरणपोळी,” मी म्हटलं.

शैलजानं माझ्याकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर मला मदत करायची इच्छा दिसली, पण ती खोटं बोलली नाही. “ती तुमची,” ती म्हणाली.

“भरली वांगी.”

“ती पण तुमची.”

मी आठवायला लागलो. कचेरीत मला कुठल्या वर्षीची कुठली फाइल कुठल्या कपाटात आहे ते न बघता सांगता येतं. शैलजा जेवताना कशी दिसते ते मात्र आठवेना. मी जेवायचो तेव्हा ती पोळ्या लाटत असायची. ती जेवायला बसायची तेव्हा मी बाहेरच्या खोलीत आडवा असायचो. स्वयंपाकघरातून फक्त भांड्यांचा आवाज यायचा. लग्नकार्यात म्हणाल, तर बायकांची पंगत वेगळी.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. “मी तिला जेवताना बघितलेलं नाही.”

हे एवढं वाक्य बोलायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात दालनातल्या प्रत्येक माणसानं आपापल्या खुर्चीत जागा बदलली. एक गृहस्थ बायकोला काहीतरी विचारत होते, आणि ती त्यांना उत्तर देत नव्हती.

“बाये, तूच सांग मगे. तुका काय आवडता?”

शैलजानं छताकडे बघितलं, हाताकडे बघितलं.

“नाही सांगता येणार,” ती शेवटी म्हणाली. “कधी ठरवायची वेळ आली नाही.”

पिठीनं निर्णय दिला. ताईंनी उरलेल्या दिवसांत सगळं थोडं थोडं चाखावं आणि आपल्याला काय आवडतं ते ठरवावं. पाहुण्यांना तोवर पेज. त्यांनी समोर बसावं, बघावं. निघायच्या दिवशी परत विचारण्यात येईल. उत्तर बरोबर आलं तर जिलबीसह सर्व पदार्थांची हरकत मागे घेण्यात येईल.

“जिलबी एकच,” जिलबी म्हणाली. पिठीनं ते मान्य केलं.

तेव्हापासून मी तिला जेवताना बघू लागलो. सुरुवातीला चांगल्या मनानं नाही. मला उत्तर हवं होतं. शेजारच्याच्या उत्तरपत्रिकेत डोकवावं तसा मी तिच्या पानात डोकवत होतो. तिनं सोलकढीचा घोट घेतला की मी तिच्या भुवया बघायचो. फणसाच्या भाजीला ती “हं” म्हणाली, तर ते मनात नोंदवून ठेवायचो. खाजं खाताना ती कशी हसते, घावन ती कुठल्या बाजूनं मोडते, सगळं बघितलं. ती पहिल्यांदा घाईनं खायची, कुणीतरी आतून हाक मारेल अशी. मग तिची घाई कमी झाली. आंबोळी तिनं परत केली, म्हणाली, “मला नाही आवडली,” आणि हे वाक्य तोंडून गेल्यावर स्वतःच दचकली. आंबोळीनं मुळीच वाईट वाटून घेतलं नाही.

माझं म्हणाल तर पेज, वर चिमूटभर मीठ, लिंबाचं लोणचं नावाला. माझी विजार सैल झाली. सकाळी उठलो की अंग हलकं वाटायचं. मी किनाऱ्यावर पार टोकापर्यंत चालून यायचो आणि दम लागायचा नाही. हॉटेलात अधूनमधून येणाऱ्या डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून साखर बघितली आणि म्हणाले, “छान, असंच चालू ठेवा.” शिक्षा भोगताना माणसाची तब्येत सुधारावी, याचंही मला ओशाळं वाटत होतं. पाहुणे मला विचारायचे, कळलं का? परुळेकर विचारायचे. मी म्हणायचो, बघतोय.

आणि निघायच्या आदल्या दुपारी मला कळलं.

तिनं तो पदार्थ वाटीत घेतला, एक घास खाल्ला आणि थांबली. डोळे मिटले नाहीत की काही म्हणाली नाही. फक्त वाटी थोडी स्वतःकडे ओढून घेतली. आमच्या घरी वाटी स्वतःकडे ओढायचं काम माझं आहे, तिला ते करताना मी पहिल्यांदा बघत होतो. मग तिनं उठून परत घेतलं. परत येताना माझी आणि तिची नजरानजर झाली.

“कळलं?” तिनं विचारलं.

“कळलं.”

ती वाटीत बघत राहिली. मग म्हणाली, “सांगू नका हं.”

“अगं, पण उद्या विचारणार आहेत. बरोबर सांगितलं की सगळं सुरळीत होईल.”

“तुमचं होईल.” तिच्या आवाजात राग नव्हता. “अहो, एकदा का हे सगळ्यांना कळलं की संपलं. घरी तुम्ही म्हणाल, तुला आवडतं म्हणून कर. मी करीन. पहिलं पान तुमचं पडेल. तुम्ही म्हणाल, खरंच छान झालंय, आणि परत घ्याल. मुलगी येईल, तिला डबा भरून जाईल. मग तळाला राहील ते मी खाईन. तुम्हाला काही वाटणार नाही, मलाही वाटणार नाही. हे एवढं माझं मला राहू दे.”

मला म्हणायचं होतं, मी तसं करणार नाही. पण तिनं जे सांगितलं ते इतकं हुबेहूब होतं की मला माझा हातसुद्धा दिसला, दुसऱ्यांदा वाढून घेणारा. शरमेनं माझी मान वर होईना. ती सावकाश खात राहिली.

निघायच्या दिवशी दालन भरलं होतं. बॅगा दाराशी लावून लोक थांबले होते. टेबलावर सगळे पदार्थ झाकणं काढून हजर होते, पिठी मडक्यात मधोमध. जिलबी ताजी होती, पाकात चमकत होती. तिचा वास माझ्यापर्यंत येत होता, आणि तोंडाला पाणी सुटलं नाही असं मी म्हणणार नाही.

“पावण्यानू,” पिठी म्हणाली, “हिका काय आवडता?”

तो पदार्थ तिथंच होता, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

“नाही कळलं,” मी म्हटलं.

दालनात चुकचुकल्याचा आवाज झाला. “इतके दिवस समोर बसून?” एक बाई मोठ्यांदा म्हणाल्या. त्यांच्या यजमानांनी मान हलवली. पुऱ्या बसल्या. परुळेकरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मिरजेला परत जाईपर्यंत ते बघणं माझ्याबरोबर राहणार होतं. शिराही या वेळी काही बोलला नाही. मी मान खाली घालून उभा राहिलो. याची मला सवय नाही. कचेरीत माझ्यासमोर लोक उभे असतात.

तो पदार्थ सगळं जाणून होता. तोही गप्प राहिला.

पिठी थोडा वेळ रटरटली. तिला सगळं कळतं असं परुळेकर म्हणतात. मला काही सांगता येणार नाही.

“बरा,” ती म्हणाली. “हेंका पेज वाढा.”

मी पेजेचा वाडगा घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो. लोक अजून माझ्याकडेच बघत होते, त्यामुळे शैलजाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती टेबलापाशी गेली, वाटी भरून घेतली आणि माझ्यासमोर येऊन बसली. बस सुटायला अवकाश होता. आम्ही दोघांनी शांतपणे खाल्लं.